दुसऱ्या भागाची तबकडी

ती. व्याहीबुवांस,

सादर नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि विहीणबाईंची कणकण उतरली असेल, असं धरून चालतो. इकडे आमची ही ठीक. (माझं पुढे येतंच आहे.)

नात सुट्टीला येताना तुमच्याकडची व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागाची तबकडी घेऊन आली. रविवारी तबकडी परत पोचली की तुम्ही दुकानात बदलून दुसरी आणणार, असं कळलं. ‘पहिला भाग फर्मास, दुसरा भिकार’ हे तुमचं मत नातीने तुमच्याच आवाजात ऐकवलं. तबकडी बदलू नये असं मला वाटतं. का, ते सांगतो.

पहिल्या भागात खेळातल्या शिपायाने शेकडो माणसं कापली म्हणे. दुसऱ्यात तो साठीला आला आहे, आणि मेलेल्यांच्या वस्तू (कुणाचा पट्टा, कुणाची बासरी) त्यांच्या घरी पोचत्या करतो. तलवार आहे, पण टेकायला. एकूण एकवीस घरं. यात काही घडत नाही अशी लोकांची तक्रार आहे. आमच्याकडेही फारसं घडत नाही, त्यामुळे खेळताना मला ते जाणवलं नाही. एकदा दुधवाला आला म्हणून मी शिपायाला विहिरीपाशी तसाच सोडून गेलो. परत येतो तर गृहस्थ आपला आपण कट्ट्यावर बसलेला. मी ओशाळून त्याला आणखी थोडं बसू दिलं.

सातव्या घरी एक म्हातारी बोलू लागली. मी छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस. मजकूर अर्धवट सोडणं हाताला ठाऊक नाही. नात म्हणाली, “आजोबा, ते गोल बटण दाबा ना, बोलणं संपतं.” मी म्हटलं, “बाई मुलाबद्दल सांगतेय आणि मी बटण दाबू?” ती म्हणाली, “मग बसा.” बसलो. वीस मिनिटांनी म्हातारीने मुलाची शाळेतली कविता म्हटली (मराठी माझं, चाल आपल्या वेळच्या शाळेतली):

वाट म्हणाली, थांब जरासा,
धूळ तुझी मी झटकुन देते.

नातीने हातातला मोबाइल बाजूला ठेवला. हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या मते तुम्हीही नाही. तुम्ही पहिल्याच घरी बटण दाबलंत.

आपला,
व्याही

ता. क. वीस घरं झाली. एकविसाव्या दाराशी तीन दिवस उभा आहे. ठोठावलं की संपणार. तेव्हा तबकडी आणखी आठ दिवस इथे राहिली तर बरं.

ता. क. २ : वरचं रद्द समजा. आज दुपारी ठोठावलं. तबकडी रविवारी येते आहे, पण बदलू मात्र नका. त्या दारात काय झालं ते बोलायला मला कुणीतरी हवं आहे. हिला सांगायला गेलो, तर म्हणाली, “ज्यांची तबकडी त्यांना सांगा.” कधी येऊ? बटणाजवळ मी बसेन.