पुरातन संडास आणि बाबांचा मुक्काम

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार (गुडघे सोलले आहेत, ते वगळून). तुझी कंबर कशी आहे? माझीही तशीच. दिवसभर चरात उकिडवं बसून खुरपीने माती खरवडायची आणि ब्रशने झाडायची. घरी केरसुणीला हात न लावणारी मी इथे चक्क माती झाडते, हे आईला कळवू नकोस.

फोन सोडून पत्र लिहितेय, कारण फोन कानाला लावला की बाबा शेजारी येऊन उभे राहतात. होय, ते अजून इथेच आहेत. मला घेऊन यायला तूच पाठवलंस ना त्यांना? मग आता ऐक.

आम्हा कॉलेजच्या मुलांना सुट्टीत उत्खनन शिकायला इथे आणलं. कुणाच्या वाट्याला भिंत आली, कुणाच्या वाट्याला मणी. माझ्या वाट्याला संडास. (हसू नकोस. शेकडो वर्षं जुना आहे, वास केव्हाच गेलाय.) मॅडम तर हरखूनच गेल्या, म्हणाल्या, लोक काय खात होते ते इथेच कळतं. घरी मात्र मी ‘एका खाजगी खोलीचं काम माझ्याकडे आहे’ एवढंच कळवलं होतं. खोटं काय त्यात?

बाबा आले ते इस्त्रीच्या शर्टात, तणतणत. काठावर उभं राहून सगळ्यांदेखत ओरडले, “जन्म गटार खात्यात काढला तो कशासाठी? पोरीच्या हाताला घाण लागू नये म्हणून! आवर सामान.” पोरं माना खाली घालून हसत होती. मला रडूच फुटलं. तरी “मी नाही येणार” म्हणाले (बाबांना, आत्या! पहिल्यांदाच!) आणि ब्रश घट्ट धरून बसून राहिले. मला ओढून न्यायला बाबा खाली उतरले, आणि त्यांची नजर संडासाच्या नालीवर गेली.

झालं. माझ्याकडे येणारा हात नालीकडे वळला. “उतार उलटा दिलाय! पाणी घरात शिरत असणार.” मॅडम म्हणाल्या, नंतर जमीन खचली असेल. बाबा म्हणाले, ठेकेदार तेव्हाही असलेच असणार. दोघांची अशी जुंपली की सगळ्यांची जेवणं थंड झाली.

तेव्हापासून बाबांनी रजा वाढवलीय. माझ्या चरात बसतात, माझीच खुरपी घेतात आणि मलाच “जरा सरक” म्हणतात. पोरं त्यांना ‘गटारगुरुजी’ म्हणतात, तर हे खूश! काल मी त्यांच्या हातावर पाणी घालत होते, तेव्हा बाबा हळूच म्हणाले, “तुझा हात हलका आहे गं. मी असतो तर मोडूनच टाकलं असतं सगळं.” त्यांचे हात स्वच्छ झाले तरी मी पाणी घालतच राहिले.

लोभ आहेच, तो माझ्यावर थोडा आणि तुझ्या भावावर जास्त राहू दे.

तुझी, अक्षरशः मातीत गेलेली,
भाची

ता. क. खरं काम हे, की बाबांना परत बोलाव. तब्येतीचं कारण सांगू नकोस, ते गोळ्या घ्यायला सांगतील. तुझी मोरी तुंबलीय म्हण, धावत येतील.

आणखी ता. क. नालीचा नकाशा बाबांशिवाय पुरा व्हायचा नाही, असं मॅडम म्हणतात. (आणि मलाही करमायचं नाही, पण ते राहू दे.) तेव्हा मोरी जरा उशिरानेच तुंबव.

शेवटचा ता. क. शेजारच्या चरात चूल सापडली आणि ती चुकीच्या तोंडाने मांडलीय, असं बाबांनी तुला कळवलं असेल, तर ती चूल नाही. नुसता काळा दगड आहे. चुलीच्या बाबतीत तू बाबांचीच बहीण आहेस, म्हणून सांगते, तू मुळीच येऊ नकोस.