बाहेरचा रकाना

मंगळवार, ४ मे

आज बोटीत बेबीची वेणी घातली. वाऱ्याने तिचे केस तोंडात जात होते. पन्नास वर्षांपूर्वी होस्टेलच्या जिन्यावर रोज अशीच घालायचे – प्रार्थनेच्या घंटेआधी, ती खालच्या पायरीवर, मी वरच्या, रिबीन माझ्या दातांत. केस ओढले की माझी ही धाकटी बहीण भोकाड पसरायची. आता ओढायला केस उरलेत कुठे!

हे राष्ट्रीय उद्यान गुरुवारी पावसाळ्यापुरतं बंद होणार. शेवटच्या पाहुण्या आम्हीच. धक्क्यावरच्या चौकीत वनरक्षकाने नोंदवही पुढे सरकवली आणि तो डिझेल आणायला गेला. मी दोघींचे रकाने नीट भरले. आत, बाहेर, तारीख, सही. रिकामा रकाना दिसला की होस्टेलच्या सिस्टरची हातावर बसणारी पट्टी अजून आठवते.

बोटीने अर्धा तास. बेटावर लाकडी खोली, दोन कॉट, पाण्याची टाकी. फोनला रेंज नाही. नावाडी सांगत होता, त्याची आणि चौकीतल्या वनरक्षकाची उद्या बदली. गुरुवारी दोघंही नवे येतील. आणि खाडीत पाय घालायचा नाही, ओहोटी असली तरी.

बेबी म्हणाली, "आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना कोण खातंय!"

"मगर वय विचारत नाही, मावशी."

हसलो तिघंही. बोटीचा आवाज बंद झाला तेव्हा मात्र एकदम फार शांत वाटलं.

बुधवार, ५ मे

सकाळी किनाऱ्यावर गेलो. एवढी लांबलचक वाळू आणि तिच्यावर पाऊल म्हणून फक्त आमचं. बेबी लहान मुलीसारखी शिंपले वेचत होती. भावोजी गेल्यापासून तिला अशी पाहिली नव्हती.

परत आलो तर खोलीच्या पायऱ्यांखाली चिखलात काहीतरी घसटत गेल्याची रुंद खूण उमटलेली. जाताना नव्हती. मी बेबीला पलीकडचा पक्षी दाखवला आणि तिला वर नेलं.

बेबीचं इन्सुलिन उद्या रात्रीपुरतंच आहे. चार दिवसांचं जास्त घे म्हटलं होतं. तर म्हणे, ताई, तू अगदी सिस्टर झालीस.

गुरुवार, ६ मे

बोट आली नाही.

नऊपासून बॅगा घेऊन पायऱ्यांवर बसलो होतो. दुपारी बेबी पेंगली. मी पाण्याकडे बघत बसले – आणि तीनच्या सुमाराला एकदम आठवलं. नावाडी त्या दिवशी बोलता बोलता म्हणाला होता, नवा माणूस वही बघूनच बोट काढेल. ज्यांचा बाहेरचा रकाना कोरा, तेवढेच लोक आणायचे.

आमचा कोरा नाही. मी भरलाय. ६ मे, सकाळ, दोघी. खाली माझी सही, वळणदार.

म्हणजे आम्ही गेलो. वहीप्रमाणे आम्ही केव्हाच गेलो! भाचीला वाटतंय, इथून पुढेही फिरत आई आणि मावशी दहा तारखेपर्यंत रेंजबाहेर आहेत. तोवर कोणी शोधणार नाही.

बेबी उठली, विचारलं, काय झालं असेल गं? मी म्हटलं, इंजिन बिघडलं असेल. तिला पटलं. तिला माझं सगळं पटतं, लहानपणापासून.

संध्याकाळी शेवटचं इंजेक्शन दिलं.

शुक्रवार, ७ मे

सकाळी लांबवर मासेमारीची होडी दिसली. मी किनाऱ्यावर धावले, चादर हलवली, घसा फाटेपर्यंत हाका मारल्या. त्यांनीही हात हलवला. अगदी प्रेमाने. निघून गेले.

ओली लाकडं पेटेनात. काडेपेटी संपली.

बेबीला सारखी तहान लागतेय. दुपारपासून उलट्या. श्वास मोठा आणि घाईचा, त्याला पिकून सडलेल्या फळासारखा वास. भिंतीवरच्या नकाशात मागची खाडी पुसट निळी दाखवली आहे – साठ पावलं असेल, ओहोटीला कमरेइतकी. पलीकडून चौकीपर्यंत तासाभराची पायवाट. मी नकाशाकडे बघत होते ते बेबीला दिसलं.

"ताई, तसलं काही करू नकोस हं. बोट येईल."

हो म्हटलं.

आज सकाळी खाडीच्या काठावर दोन ओंडके होते. दुपारी एकच होता.

शनिवार, ८ मे, सकाळी साडेसात

जो कोणी ही वही उघडेल त्याला :

आधी आत जा. खिडकीजवळच्या कॉटवर माझी बहीण आहे. तिला इन्सुलिन हवंय, लगेच. साखर, सरबत काही देऊ नका. हाक मारली तर अजून डोळे उघडते, बेबी म्हणा.

मी मागच्या खाडीतून चौकीकडे निघाले आहे. पोचले असेन तर तुम्ही हे वाचत नसाल.

घर भाचीला. शिवणयंत्र आमच्या कामवाल्या बाईंच्या मुलीला, तिचा हात छान चालतो. पुस्तकं शाळेला. मोत्यांच्या कुड्या शेजारच्या वहिनींना – त्या नको म्हणतील, ऐकू नका. चष्मा आणि घड्याळ इथेच टेबलावर ठेवते आहे.

बेबी बरी झाली की ही वही मागेल. द्या तिला. पण गुरुवारचं पान फाडून.

आणि हेही.