लांब्याच्या पायासाठी रंगवलेला बोर्ड

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग मनातल्या मनात घातला आहे, दुकानात रंगाचे डबे इतके पसरलेत की आडवं व्हायला जागा नाही.) तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला गेला का? माझी तब्येत उत्तम आहे. हे तू विचारलेलं नाहीस, पण हल्ली कुणीच विचारत नाही, म्हणून आपलं सांगून टाकतो. तुझ्या मागच्या पत्रात लांब्याचं नाव सात वेळा आलंय आणि माझं एकदा, तेही पाकिटावर.

तर आधी लांब्याची खबर. दोन महिन्यांपूर्वी औषधाच्या दुकानाचा बोर्ड रंगवताना तो शिडीवरून पडला, हे तुला ठाऊकच आहे. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. पहिल्या ऑपरेशनने ते नीट जुळलं नाही, म्हणून येत्या गुरुवारी दुसरं. ते झालं तर तो पुन्हा शिडी चढेल, नाही झालं तर जन्मभर कुबडी, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलंय. वीस वर्षं आम्ही दोघं एकाच दुकानात बोर्ड रंगवतोय, तेव्हा पैसे उभे करायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. करतोय. पण ताई, तुझ्याशी खोटं कशाला बोलू, माझा नुसता जळफळाट होतो. त्या खोलीत एकदा येऊन बघ. माणसं रांग लावून भेटायला येतात. बेकरीवाला गरम पाव आणतो, नर्सबाई त्याच्या विनोदांवर भिंतीला टेकून हसतात. (तेच विनोद मी सांगितले तर बाहेर थांबा म्हणतात.) आईचा फोन आला की पहिला प्रश्न, लांब्या जेवला का? मी जेवलो का, हे विचारायची वेळ येते तेव्हा तिला कुकरची शिट्टी ऐकू येते. आणि तू! तू त्याला स्वेटर विणून पाठवलास. पाय मोडलेल्या माणसाला स्वेटर! माझं बोट शटरमध्ये चेंगरलं होतं तेव्हा तू मला फोनवरून फुंकर मारायला सांगितलं होतंस.

असो. पैशांसाठी मी बाजाराच्या तोंडावर लावायला एक मोठा बोर्ड केला. वर ठळक अक्षरांत ‘आपल्या लाडक्या पेंटरला मदत करा’, (‘लाडक्या’ हा शब्द वहिनीने, म्हणजे लांब्याच्या बायकोने घालायला लावला, माझ्या मनात ‘जखमी’ होतं) मधे लांब्याचा चेहरा आणि खाली पैसे पाठवायला वहिनीचा फोन नंबर. चेहरा काढताना मी नाक मुद्दाम जरासं फुगवलं, हे कबूल करतो. तर लोक म्हणायला लागले, बघा, किती भोळा माणूस आहे! बोर्ड झाला, मी लांबून बघितला, आणि वीस वर्षांच्या सवयीने हात आपोआप कोपऱ्यात गेला. आम्ही प्रत्येक बोर्डाच्या कोपऱ्यात लिहितो तसं लिहून मोकळा झालो: ‘पेंटर’, आणि पुढे माझा नंबर.

आता वरती पेंटरला मदत करा आणि कोपऱ्यात पेंटरचा नंबर. लोकांनी काय समजायचं? दुसऱ्याच दिवशी फोन वाजला. एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई होत्या. पाय कसा आहे रे बाळा, म्हणाल्या. ताई, त्या ‘बाळा’ने माझा घात केला. मी माझ्या पायाकडे बघितलं, पाय ठीक होता, म्हणून म्हटलं, बरा आहे. यात खोटं काय होतं, सांग! मग रोज दहा-बारा फोन यायला लागले. कुणी म्हणे धीर सोडू नकोस, कुणी म्हणे झोप लागते ना. दोन दिवसांनी मी कण्हायला लागलो. चौथ्या दिवशी बाईंना सांगितलं की पाय अजून टेकवत नाही. पैसे मात्र जे आले ते तसेच्या तसे वहिनीकडे पोहोचवले, त्यात हात आखडला नाही. मी फक्त विचारपूस ठेवून घेतली.

आठव्या दिवशी बाई फळांची पिशवी घेऊन थेट दुकानात आल्या. मी स्टुलावर एका पायावर उभा, दुसरा पाय मागे हवेत, वरची रेघ ओढतोय! मी ‘या ना’ म्हणताच बाईंनी आवाज ओळखला आणि माझा कान धरला. (मला पंचेचाळीसावं चालू आहे.) संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारात झालं की हा पेंटर भामटा आहे, पायाचं सोंग करून पैसे उकळतोय. बोर्डावर कुणीतरी काळं फासलं. पैसे येणं ठप्प. ऑपरेशनला नऊ दिवस आणि निम्मी रक्कम बाकी. माझ्या पायाखालची जमीन सरकली.

लांब्यापुढे जाऊन सगळं ओकलो. तो इतका हसला की नर्सबाईंना धावत यावं लागलं. मग त्याने बाईंना फोन लावला आणि बिनदिक्कत सांगितलं की, बाई, बोलताना मला धाप लागते, म्हणून माझे फोन मित्राने घ्यायचे आणि जणू मीच बोलतोय अशी माझी तब्येत सांगायची, असं मीच ठरवून दिलंय. बाई रडल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या स्वतः मदतीचा डबा घेऊन बोर्डापाशी उभ्या राहिल्या आणि चार दिवसांत पैसे पूर्ण झाले. आता सगळा बाजार म्हणतो, बघा, मित्राची अब्रू राखणारा माणूस! म्हणजे माझ्या फजितीतही नाव त्याचंच झालं.

भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता.क. माझी छाती अडतीस. बाही जरा लांब ठेव. लांब्याच्या स्वेटरला दोन रंग आहेत, मला तीन चालतील.

ता.क. दुसरा. वरचं काही महत्त्वाचं नाही, हे महत्त्वाचं आहे. त्या दिवशी शिडी मी धरली होती. लांब्या वर शेवटचं अक्षर भरत होता आणि ते इतकं सुरेख उतरत होतं की मला बघवेना. त्यात काहीतरी खोट सापडेल म्हणून मी शिडी सोडून चार पावलं मागे गेलो. खोट सापडली नाही आणि तेवढ्यात शिडी सरकली. फरशी ओली होती, असं लांब्याने सगळ्यांना सांगितलंय, वहिनीलासुद्धा. फरशी कोरडी ठणठणीत होती. दोन महिने मी रोज त्याच्या उशाशी बसतो आणि तो मला जगातलं सगळं विचारतो, तेवढं सोडून. मला लाज वाटते गं ताई.

ता.क. तिसरा. बुधवारी पाच ते सहा भेटायची वेळ आहे. मी त्याला सांगणार आहे. सहाला पाच मिनिटं असताना मला फोन कर आणि एवढंच विचार, सांगितलंस का? मी हो म्हटलं तरी विश्वास ठेवू नकोस. फोन त्याच्याकडे द्यायला लाव.