थर सरकतात

८ जानेवारी

हे असतानाची एक सकाळ — आंगण सारवलं, पाणी भरलं, चहा ठेवला. हे ओसरीवर बांबूच्या कामट्या काढत होते. मी एकेक कामटी मोहाच्या टोरीच्या, म्हणजे बियांच्या, तेलाने पुसत होते, भुंगा लागू नये म्हणून. त्या दिवशी विशेष काहीच झालं नाही. तरी तीच सकाळ आठवते. हे जाऊन चार वर्षं झाली.

मी मदतनीस आहे त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आज पुन्हा तेच! करिष्मा एमटेकला आहे. बांबूचे तंतू रेझिनने थरावर थर चिकटवून ती पाट्या करते. बोटाएवढा तुकडा दोन रुळांवर ठेवून मधून दाबायचा. थर एकमेकांवरून सरकेपर्यंत किती भार सोसतो, ते बघायचं. पहिल्या पाटीचा आकडा अठरा होता. नव्या पाटीचा सात.

९ जानेवारी

बारा तुकडे दाबले. बाराही सात-आठ! करिष्मा म्हणाली, "मावशी, रेझिनचा डबाच बोगस हाय."

१४ जानेवारी

डबा बदलून पाटी केली. सात! मशीनला लाथ घालावीशी वाटली.

१६ जानेवारी

प्रकल्पाचे प्रमुख धनराज सर म्हणाले, "इथला बांबूच कामाचा नाई. सोमवारी अहवाल पाठवतो, प्रकल्प बंद." करिष्मा भिंतीकडे तोंड करून रडली. "बाबाले काय सांगू, मावशी?"

बांबू कामाचा नाही? यांनी विणलेले मासे धरायचे सापळे तीन-तीन वर्षं तलावात टिकायचे! करिष्माचं इंग्रजी पुस्तक डिक्शनरी घेऊन वाचत बसले. डोकं पिकलं.

१७ जानेवारी

तुटका तुकडा घरी आणला होता. थर नखाने सुटले. रेझिन काचेसारखं गुळगुळीत, तंतूला चिकटलेलंच नाही. बोटांचा वास घेतला. टोरी!

पहिले तंतू विकतचे होते. त्यानंतरचे मी घरी काढून दिले, आणि तेलाने पुसले. कुणी सांगितलं नव्हतं. हात आपोआप वाटीत गेला. तेलावर काय चिकटणार!

१८ जानेवारी

सांगितलं तर काम जाईल. हे असते तर हसले असते — "एवढं वाचून येडीच राह्यली तू!"

१९ जानेवारी

सरांना सगळ्यांसमोर सांगितलं. अहवाल थांबला. सर कागदांवरून मान न उचलता म्हणाले, "बाई, उद्यापासून येऊ नोका."

२० जानेवारी

आज घरी तंतू काढले, कोरडे. करिष्माला नेऊन दिले.