वाघोबा खिंडीतली ट्रायल

घिवली,
४ डिसेंबर २०२४

ती. पुष्पलता आत्यास,
हेमालीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

तुझे कान फोनवर दगा देतात आणि मोठ्या फोनच्या काचेवरची अक्षरं तुला पळताना दिसतात, म्हणून कागद घेऊन बसले आहे. तक्रार नाही. कागदावर निदान मधेच कोणी तोडत नाही.

आधी बरी बातमी. निमेशची बोट परवा आली. यंदा बोंबील चांगला आहे. किनाऱ्यावर सुकवायच्या बांबूंच्या रांगा भरल्यात आणि आळीतल्या बायकांना पाठ टेकायला सवड नाही. तुझ्यासाठी वेगळे काढून ठेवलेत, बारीक आणि कमी खारट, तुझ्या रक्तदाबाला झेपतील असे.

आता वाईट बातमी. मी चालवते तो ट्रक पुन्हा बसला. जव्हारच्या घाटात, भरल्या मालासह. चढ लागला की पिकअप पडतो, समोर पिवळा दिवा लागतो, मागून सायकलवालासुद्धा पुढे जातो आणि मग गाडी उभीच राहते. इंजिन थंड झालं की पुन्हा अशी चालते, जणू काही झालंच नव्हतं. बाजारात पोचलो तेव्हा माणसं पिशव्या भरून परत निघाली होती. सगळा माल आळीतल्या बायकांचा. हिरा काकी मला समजावत होत्या की बाय, सुकं म्हावरं हाय, नासायचं नाय, पुढल्या बाजाराला नेऊ. पण परतताना त्या वाटभर बोटांवर न झालेल्या विक्रीचा हिशेब करत होत्या.

कंपनीच्या वर्कशॉपला, पालघरबाहेर मनोर रस्त्यावर आहे ते, मी तीनदा जाऊन आले. ते कॉम्प्युटर लावतात, दिवा घालवतात, एक चक्कर मारतात आणि गाडी ठणठणीत आहे म्हणतात. पहिल्या वेळी डिझेलमध्ये भेसळ निघाली. दुसऱ्या वेळी कसला तरी सेन्सर बदलला. या खेपेला मॅनेजरांनी जॉबकार्डावर लिहूनच दिलं की चालकाची चालवण्याची पद्धत चुकीची आहे, सबब वॉरंटी लागू नाही. आणि वॉरंटी जानेवारीअखेर संपते.

ते कार्ड धर्मेश भावोजींनी वाचलं. गाडी त्यांच्या नावावर आहे, तुला माहीतच आहे. जेवताना त्यांनी शांतपणे सांगितलं की एक तारखेपासून सरावलीचा एक ड्रायव्हर ठेवू, हेमालीने बाजारातली विक्री बघावी. निमेश भांडला, पण मोठ्या भावासमोर माझ्या नवऱ्याचा आवाज किती चढतो ते तुला ठाऊक आहे. आत्या, मला विक्रीचं वावडं नाही. पण या पट्ट्यात ट्रक चालवणारी मी एकटी, आणि मला त्या सीटवरून उतरवलं तर लोक म्हणणार की बघा, बाईला जमलं नाही. मला फार लागलं आहे ते.

मी काय कमी करते सांग. पहिल्यांदा वर्कशॉपला गेले तेव्हा फाटकावरच्या माणसाने नाकाला रुमाल लावला. तेव्हापासून दर वेळी सगळा माल उतरवते, गाडी साबणाने धुते, लिंबू फिरवते, केबिनमध्ये अगरबत्ती लावते आणि मगच नेते. चार माणसांत जायचं तर नीट जावं.

तुझा लोभ माझ्या लायसन्ससारखा वेळच्या वेळी नवा होत राहो, ही विनंती.

तुझी,
हेमाली


वाणगाव,
९ डिसेंबर २०२४

चि. सौ. हेमालीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या परिच्छेदाला डोक्यावर हात मारून घेतला. अगं शहाणे, गाडी धुऊन नेतेस?

माझी सगळी नोकरी आरोग्य केंद्रात गेली. पाड्यांवरच्या आया तापाचं लेकरू घेऊन यायच्या. पण दवाखान्यात जायचं म्हणून आदल्या दिवशी थांबायच्या, ताप उतरला की पोराला आंघोळ घालायच्या, ठेवणीतला सदरा चढवायच्या आणि मग आणायच्या. डॉक्टरांपुढे पोरगं खिदळतंय. डॉक्टर म्हणायचे, याला काय झालंय? घरी न्या. मी त्या बायांना ओरडून सांगायचे की ताप चढलेला असताना आणा, आहे तशा अवतारात आणा. तू नर्सची भाची असून तेच करतेस. तुझ्या गाडीला ताप कधी चढतो? ओझं असताना आणि चढावर. आणि तू त्यांना दाखवतेस काय, तर रिकामी, न्हाऊ-माखू घातलेली, सपाट रस्त्यावर चक्कर मारायला. त्यांना काय कपाळ सापडणार?

आणि त्या वासाचं. त्या वासावर तुझा बाप शिकला, मी नर्स झाले. माझ्या पांढऱ्या साडीलासुद्धा तो येत असे आणि मी एक दिवस त्याची लाज धरली नाही. तू का धरावीस? भरलेली गाडी घेऊन जा. येऊ दे वास. ज्याला नाक आहे त्याने ते धरावं.

धर्मेशरावांना माझा नमस्कार सांग. ते पहिल्यांदा तांडेल होऊन स्वतः बोट हाकत निघाले तेव्हा भरतीची वेळ चुकवून बोट वाळूवर चढवली होती. त्या वेळी कोणी दुसरा तांडेल आणला नाही, एवढं माझ्या लक्षात आहे. हे मात्र सांगू नकोस. किंवा सांग, तुझी मर्जी.

बोंबील पाठव. रक्तदाबाचं मी बघून घेईन.

आमच्या मायेला तू पुरून उरतेस, तशीच उरत राहा.

तुझी,
आत्या


घिवली,
१४ डिसेंबर २०२४

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

घाईत लिहिते आहे. तुझं पत्र वाचून आधी चिडले, मग सरळ भावोजींपुढे जाऊन उभी राहिले. म्हटलं, एकदा भरली गाडी घेऊन जाऊ द्या. वाळूवरच्या बोटीचा विषय काढला नाही, पण ओठांवर आला होता.

त्यांनी अट घातली. ते स्वतः सोबत येणार, आणि भरल्या गाडीवरही वर्कशॉपने चालकाचा दोष म्हटलं तर मी वाद न घालता चावी त्यांच्या हातात द्यायची. मी हो म्हटलं. म्हणून तर बसले, पण तेव्हापासून चावी उशाखाली घेऊन झोपते. निमेश म्हणतो मी झोपेत गिअर टाकते.

परवा निघतो. बायकांनी आपणहून पोती आणून टाकली. हिरा काकींनी तर विचारलं की जवळा वरच ठेवू काय, त्याचा वास लांब जातो. मी वरच ठेवायला सांगितला.

देवळात माझ्या नावाने काही बोलू नकोस, देवाला वाटेल की मला शंका आहे. तुझा आशीर्वाद मात्र गाडीत बसव.

तुझी,
हेमाली


घिवली,
२० डिसेंबर २०२४

ती. पुष्पलता आत्या यांस,
धर्मेश तामोरे याचा सा. नमस्कार वि. वि.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. तरी लिहितो आहे, कारण शेवटी कळेल.

सोमवारी मी आणि हेमाली वर्कशॉपला गेलो. ती भरला ट्रक घेऊन, मी मागून मोटारसायकलवर. फाटकावरच्या माणसाने बाहेरच थांबा म्हणून हात केला. हेमालीने काच खाली घेऊन त्याला सांगितलं की आजारी गाडी आहे, दाराबाहेर तपासतात का, आणि सरळ अंगणात आणून उभी केली. तिथे त्या दिवशी नव्या गाड्यांना हार घालून चाव्या देण्याचा कार्यक्रम चालला होता. वारा आमच्याकडून त्यांच्याकडे होता. एरवी आम्हाला दुपारपर्यंत बसवून ठेवणारे मॅनेजर पेढा हातात घेऊनच धावत आले आणि ही गाडी आधी घ्या म्हणून ओरडले. आमचा नंबर इतक्या लवकर कधीच लागला नव्हता.

मॅनेजरांनी नेहमीचं सुरू केलं की बाई, तुम्ही वरच्या गिअरमध्ये ओढता, क्लचवर पाय ठेवता. मला वाटलं ती भांडेल. ती भांडली नाही. तिने चावी पुढे केली आणि म्हणाली की तुमच्याकडचा जो सगळ्यात मुरलेला ड्रायव्हर असेल त्याला बसवा, मी स्टिअरिंगला हात लावत नाही. वाघोबा खिंड चढून दाखवा. आणि सही करणारा माणूसही सोबत पाहिजे. वास जाईपर्यंत कार्यक्रम अडला होता, त्यामुळे मॅनेजरांना बसणं भागच होतं.

नागोराव म्हणून त्यांचे जुने ड्रायव्हर आहेत, ते बसले. मधे दर्पण नावाचा इंजिनिअर लॅपटॉप घेऊन, आणि खिडकीशी मॅनेजर. हेमाली माझ्या मागे मोटारसायकलवर. आम्ही ट्रकच्या मागे निघालो. आत्या, खरं सांगतो, खिंडीच्या पायथ्याशी माझ्या मनात होतं की गाडी चढून जाणार आणि हा विषय मिटणार.

अर्ध्या चढावर धूर काळा झाला. मग वेग पडला. नागोरावांनी गिअर उतरवला, पुन्हा उतरवला. मागे बस हॉर्न मारायला लागली. गाडी सरपटत कडेला आली आणि उभी राहिली.  हेमालीने माझ्या मागून उडी मारली आणि ट्रकच्या मागच्या चाकाला दगड लावला.

दर्पण खाली उतरला. नागोरावांना ब्रेक दाबून गाडी गिअरमध्येच रेटायला लावलं आणि स्वतः वाकून ऐकू लागला. फुस्स असा आवाज आम्हालाही आला. इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो असतो, त्याचा रबरी होज, म्हणजे नळी, खालच्या जोडाशी चिरला होता. रिकाम्या गाडीत दाब थोडा, म्हणून चीर मिटलेली राहायची. ओझं घेऊन चढ आला की ती तोंड उघडायची. हे त्याने समजावण्याआधीच मला समजलं. बोटीच्या फळीतली फट अशीच असते. काठावर ओढलेली असताना दिसत नाही, माल भरून समुद्रात गेलं की पाणी घेते. जन्म पाण्यात गेला माझा, आणि हे मला सुचलं नाही. मी कागदावरचं वाचून मोकळा झालो.

दर्पणने तिथेच कबूल केलं की भरल्या गाडीची ट्रायल आधीच घ्यायला हवी होती. नागोराव खाली उतरून सगळ्यांसमोर म्हणाले की मला चढवता आली नाही, मग यात या बाईंचा काय दोष, यांनी ही गाडी घाटातून इतक्या वेळा सुखरूप आणली हेच पुष्कळ. मॅनेजर रिक्षा बघायला लागले. हेमालीने जॉबकार्ड त्यांच्यासमोर धरलं आणि बॉनेटवर ठेवून लिहून घेतलं की भाग मुळात सदोष, वॉरंटीत बदलून द्यावा. त्यांनी सही केली. ती हलली नाही. खाली आणखी एक ओळ लिहायला लावली की चालकाच्या पद्धतीबद्दल आधी लिहिलेला शेरा रद्द. ती ओळ लिहीपर्यंत ती त्यांच्यासमोरून बाजूला झाली नाही. मग नागोरावांनी चावी मॅनेजरांना न देता तिच्या हातात दिली आणि तीच गाडी उतरवून वर्कशॉपात घेऊन आली. होज दुसऱ्या दिवशी बदलून मिळाला.

आता मुख्य काम. सरावलीला मी स्वतः जाऊन त्या ड्रायव्हरला नको म्हणून आलो आहे. गाडी हेमालीच चालवेल, कायम. आणि मी तिच्यावर अन्याय केला, त्याचं मला वाईट वाटतं. हे तिला सांगायला तीन वेळा अंगणात गेलो आणि तिन्ही वेळा पाणी मागून परत आलो. तरी आपण तिला कळवावे.

आमच्या घरावर आपली नजर आहे, ती अशीच राहू द्यावी. वाळूवरच्या बोटीचं आपण लिहिलंत ते निमेशने मला सांगितलं. भरतीचं गणित त्या दिवशी खरोखर चुकलं होतं.

आपला,
धर्मेश


वाणगाव,
२६ डिसेंबर २०२४

चि. सौ. हेमालीस,
आशीर्वाद, आशीर्वाद, आणि आणखी थोडे.

तुझ्या भावोजींचं पत्र सोबत जोडलं आहे. एका ओसरीवर बसणारी दोन माणसं वाणगावमार्गे बोलतात, हे मी या वयात पहिल्यांदा पाहिलं. वाच, आणि मग त्यांना मुकाट्याने चहा नेऊन दे. काही बोलू नकोस. पुरुषमाणसाला एवढं लिहायला लागलं म्हणजे पुष्कळ झालं.

मी मात्र बोलते. शेजारच्या दीपालीला मोठ्याने वाचून दाखवलं. मला ऐकू येत नाही म्हणून आवाज जरा जास्त लागला असेल, कारण पलीकडच्या आळीतून माणसं विचारायला आली की कोण जिंकलं. मी सांगितलं, आमची हेमाली.

आता घाट चढ, आणि चढलीस की मला लिही. माझा जीव तुझ्या मागच्या चाकात अडकलेला असतो, हे ध्यानात असू दे.

तुझी,
आत्या


जव्हारच्या घाटमाथ्यावरून,
३ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

तुझं आणि भावोजींचं, दोन्ही पत्रं वाचली. चहा नेऊन दिला. त्यांनी कप घेतला, खाली बघून विचारलं की गाडीत हवा बघितली का. मी हो म्हटलं. आमचं सगळं बोलणं तेवढ्यात झालं, आणि मला ते पुरलं.

आज पोती आधीपेक्षा जास्त होती. शेजारच्या आळीनेही माल दिला. गाडी धुतली नाही. हिरा काकी माझ्या बाजूला बसल्या, पदराची गाठ दोन्ही हातांनी धरून. विक्रमगड सुटलं आणि चढ लागला तसं माझं लक्ष रस्त्यापेक्षा दिव्यावरच. दिवा लागला नाही. मी एक गिअर उतरवला आणि गाडीने असं ओढलं की काकींची पाठ सीटला टेकली. वळणामागून वळण गेलं. एका मोठ्या ट्रकला मी मागे टाकलं, आणि त्याच्या ड्रायव्हरने मान बाहेर काढून बघितलं. काकी म्हणाल्या की बघू दे, बाय, आता बघतच राहायचं हाय त्यांना. मग त्या रडायला लागल्या आणि मीही. पण माझे हात सरळ होते.

बाजार भरायला अजून वेळ आहे. खाली सगळा घाट दिसतो आहे. मी गाडी कडेला घेतली आणि पाठीवर जवळ्याचा वास घेऊन, स्टिअरिंगवर कागद ठेवून तुला लिहिते आहे.

तुझा जीव मागच्या चाकात असतो म्हणालीस, तो वर आला आहे. तसाच राहू दे.

आत्या, गाडी घाटात पुन्हा थांबली आहे. आज मी थांबवली म्हणून.

तुझी,
हेमाली