प्रत्येक वाक्य दोनदा

४ डिसेंबर
नातीच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा. विषय 'माझी आवडती जागा', वेळ तीन मिनिटं. पोरीचं तोंड दात घासताना सुरू होतं ते झोपेतच बंद होतं, म्हणून घरात तिला टकळीच म्हणतात. शाळेतल्या बाईंनी तिचं नाव आपणहून घातलं. जेवताना मी जाहीर केलं, तयारी मी करून घेणार. सूनबाई म्हणाली, बाबा, तिला तिचं तिचं बोलू द्या ना. हसलो. बस स्टँडवर उभी हयात माईकपुढे गेली माझी. गाड्या माझ्या आवाजावर सुटायच्या. आता तिथे मशीनमधली बाई बोलते, त्या बोलण्यात जीव नाही. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय!

५ डिसेंबर, संध्याकाळ
टकळीची आवडती जागा म्हणे जिन्याखालची. तिथे एक मोडकी सायकल आणि शेजाऱ्यांची मांजर. मांजरीला ती शाळेतलं सगळं सांगते. यावर भाषण? समजावलं, विषय भारदस्त हवा. 'बस स्टँड' ठरला. ठरला म्हणजे मी सांगितलं आणि तिने मान हलवली. उभी की आडवी, हा प्रश्न गौण.

७ डिसेंबर
भाषण मीच लिहिलं. झकास उतरलंय. 'बस स्टँड हा दळणवळणाचा मुकुटमणी' या वाक्याला माझाच ऊर भरून आला. टकळीने विचारलं, मुकुटमणी म्हणजे काय? म्हटलं, आधी पाठ कर, अर्थ मागाहून येतो.

९ डिसेंबर
आज धंद्यातलं गुपित दिलं. महत्त्वाचं वाक्य दोनदा म्हणायचं. पहिल्यांदा प्रवासी मान वर करतो, दुसऱ्यांदा ऐकतो. टकळी म्हणाली, पण आजोबा, शाळेत सगळे बसलेलेच असतात, कोणाची गाडी चुकत नाही. वाद घालणं आईकडून आलंय. भाषणात बिनमहत्त्वाचं वाक्य एकही नाही, त्यामुळे सगळंच दोनदा.

१२ डिसेंबर
हातवारे बंद. मधेच हसणं बंद. 'मग ना, काय झालं ना' कायमचं बंद. आवाज सपाट, थोडा नाकातून, शेवट लांबवून. चिरंजीव दारातून म्हणाले, बाबा, ही भाषण करतेय की गाडी लागलीय? जळतो. त्याला शाळेत चार ओळी धड म्हणता आल्या नव्हत्या. तेव्हा मी ड्यूटीवर होतो.

१४ डिसेंबर
सूनबाईने मोबाईलवर वेळ लावली. भाषण सहा मिनिटांच्या वर जातंय म्हणे. म्हटलं, बोलणाऱ्यात दम असला की घड्याळ थांबतं. ती म्हणाली, शाळेची घंटा नाही थांबत, बाबा. दुर्लक्ष केलं.
टकळी हल्ली घरात फारसं बोलत नाही. घसा जपत असावी. गुणी पोर.

१७ डिसेंबर, दुपार
स्पर्धा. पहिल्या रांगेत बसलो. टकळी ताठ उभी. सुरुवात अशी केली की मीच दचकलो, हुबेहूब माझा आवाज! पहिलं वाक्य दुसऱ्यांदा म्हटलं तशी मागची पोरं खुसखुसली. तिसऱ्या वाक्यापासून दुसरी खेप ती पोरंच तिच्याबरोबर म्हणायला लागली. शिस्त म्हणून काही नाही. मुकुटमणी यायच्या आतच घंटा वाजली. टकळीने माझ्याकडे पाहिलं. मी खूण केली, चालू ठेव. घोषणा अर्धी सोडायची नसते. तिने चालू ठेवलं. दुसरी घंटा. शेवटी बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवून माईक बंद केला. तरी तिचे ओठ हलत होते.
परीक्षकांची तयारी कच्ची. पहिला नंबर एका पोराला, 'गच्चीवरची पाण्याची टाकी' या भाषणासाठी. टाकी!
येताना म्हटलं, पुढच्या वर्षी वेळेचं तेवढं बघू. ती घरापर्यंत दोन पावलं मागेच चालली. दमली असेल.

२० डिसेंबर
संध्याकाळी स्वयंपाकघरातून टकळीचा आवाज आला. स्पर्धेचीच गंमत आईला सांगत होती. दाराआडून पाहिलं. हात उडवत, आपणच फिदीफिदी हसत, मधे कोणाचा तरी आवाज नाकातून काढत. सूनबाई पदराने डोळे पुसत हसत होती. काय बोलत होती पोर! असं मला शिकवता आलं नसतं. मलाही हसू आवरेना, म्हणून आत गेलो.
दोघी गप्प झाल्या.
टकळीने विचारलं, आजोबा, पाणी हवंय का?
तहान नव्हती. हो म्हटलं. पाणी पिऊन बाहेर आलो आणि दाराशी उभा राहिलो. बराच वेळ. आत नुसती भांडी वाजत होती.