ओसरीवरची शाळा

प्रिय सुकेशनी,

सप्रेम जयभीम. पत्र बघून दचकू नको, तब्येत ठणठणीत आहे. फोनवर तू ‘आई, कशी आहेस?’ विचारलंस की माझ्या तोंडून ‘मजेत’ एवढंच निघतं. म्हणून म्हटलं, लिहावं.

आपल्या गावची शाळा उघडली बघ. सरकारचा हुकूम आला, की शाळा आता शाळेतच भरली पाहिजे, मोबाईलवर नाही आणि कुणाच्या ओसरीवर तर नाहीच. पण गावानं ठराव दिल्याशिवाय कुलूप निघणार नव्हतं. ग्रामसभेत कुणी हात वर करेना. एकाला करोनाची भीती, दुसऱ्याला पोरगं कापूस वेचायला हवं. माझं टाळकंच सरकलं. उभी राहिले आणि म्हटलं, पोरं बाराखडी विसरायलीत, तुमी काय मुहूर्त बघायलाव का? बजरंग सरपंच हसला. पण पहिला हात माझा वर गेला आणि मग बाकीच्यांचे गेले. धम्मानंद सरांचे डोळे भरून आले होते.

शाळेला कुलूप होतं त्या दिवसांत सरांनी माझ्याच ओसरीवर वर्ग भरवला, हे तुला माहीत आहे. ज्यांच्या घरी मोबाईल नाही ती सगळी पोरं इथं यायची. तुझ्या बाबांच्या बाजेमागची भिंत सरांनी काळी रंगवली, तोच फळा. सर पाढे घ्यायचे आणि मी सातवी पास म्हणून बारक्यांना गोष्टी वाचून दाखवायची. नुसता कालवा! कुणी पेन्सिलीसाठी भांडायचं, कुणी ‘आजी, पाणी’, कुणी ‘आजी, सू’. तुझे बाबा गेल्यापासून घर खायला उठायचं, ते पोरांनी बोलतं केलं. लय बेजार करायची मेली, पण जीव लागला त्यांच्यावर.

शाळा उघडली त्या दिवशी मी शेंगदाण्याचे लाडू करून घेऊन गेले. फाटकात नवीन आलेल्या भक्ती मॅडम उभ्या होत्या. गोड बोलल्या बिचाऱ्या. म्हणाल्या, आजी, साथीचा नियम आहे, बाहेरच्या माणसाला आत सोडता येत नाही, बाहेरचं खाणंही चालत नाही. त्यांचं काही चुकलं नाही. पण बाहेरची! मी बाहेरची झाले गं माय! डबा पदराखाली धरून परत आले. ते लाडू रोज चहाबरोबर एकटीच खायलेय.

पोरं घरावरूनच जातात. लांबूनच हात हलवतात आणि पळतात. पळू देत, शाळा सुटल्यावर थांबेल ते पोर कसलं. मला आनंदच आहे, खोटं नाही सांगत. पुन्हा ग्रामसभा झाली तर पुन्हा माझाच हात पहिला वर जाईल.

पण सवय जात नाही बघ. सकाळी उठून रांजण काठोकाठ भरते. एका बाईला असं किती पाणी लागतं? संध्याकाळी ते लिंबाच्या झाडाला घालते. भिंतीवर सातचा पाढा अजून तसाच आहे. शेजारची सत्यशीला म्हणते, चुना मारून टाका मावशी. माझा हात धजत नाही. दुपारी बाजेवर पडले की तो पाढा मोठ्यानं म्हणते, तेवढाच घरात आवाज होतो.

तू कितीदा म्हणालीस, आई, संभाजीनगरला ये, आमच्याजवळ राहा. दर वेळी मी म्हटलं, माझी ओसरीवरची शाळा कोण बघणार? आता ती सबब राहिली नाही, सुकेशनी. तुझ्या घरात म्हातारीपुरती जागा अजून असली तर मला घेऊन जा. मात्र फोन करून विचारू नको. विचारलंस तर मी मजेतच म्हणेन. सरळ ये.

तुझीच,
रांजण भरून बसलेली
आई